आत्याकडे की हॉस्टेलवर

बारावीनंतर मला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करायचं होतं आणि जागा मिळाली ती रोह्याच्या कॉलेजात. आमचं गाव पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीला लागून. तिथून आधी पेणला यायचं, पेणहून रोह्याची गाडी धरायची आणि सकाळच्या प्रॅक्टिकलला वेळेत पोचायचं, हे रोज जमणारं नव्हतं. बाबांनी जेटीवरची शिफ्ट बदलून घेतली आणि आम्ही दोघं माझ्यासाठी राहायची जागा बघायला निघालो.

बाबांची जागा बघायची पद्धत एकच. आत शिरले की आधी नळ सोडून बघायचे. खाडीकाठच्या खारेपाटात, गोड्या पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात जन्म गेलेला माणूस. खिडकी, पंखा, शेजार सगळं नंतर.

पहिली खोली स्टेशनच्या बाजूला होती. कंपनीत शिकाऊ म्हणून लागलेल्या तिघी मुली राहत होत्या आणि त्यांना चौथी हवी होती. एक जण शिफ्ट करून आलेली, तोंडावर ओढणी घेऊन झोपली होती, म्हणून आम्ही सगळं कुजबुजतच विचारलं. नळाला पाणी नव्हतं. जिना उतरल्यावर बाबा म्हणाले, "पोरी चांगल्या हायत. पण नाय."

दुसरं मुलींचं हॉस्टेल. एका खोलीत चार खाटा, दोरीवर ओढण्या, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं. मी दारातच उभी होते तर केस पुसत असलेल्या एका मुलीने विचारलं, "नवीन का? मग ती खिडकीची खाट घे, कुणी यायच्या आत." एवढंच बोलली ती. पण मला तिथेच बसावंसं वाटलं. बाबांनी मोरीतला नळ सोडला. पाणी धो धो आलं. माझ्या मनाने खिडकीची खाट घेऊनही टाकली.

मग आम्ही जेवायला रोह्याला लागूनच असलेल्या वरसे गावात गेलो, आत्याकडे. बाबांची ही थोरली बहीण. तिला मूलबाळ नव्हतं, आणि आत्याचे यजमान दोन पावसाळ्यांमागे गेले, तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत ती एकटीच होती. "माझ्याकडे ठेव" असं ती बाबांना एकदाही म्हणाली नव्हती. पण आतल्या खोलीत भिंतीला ताजा रंग होता, खिडकीखाली नवं टेबल होतं आणि टेबलावर दिवा. बाबा ते टेबल बघत राहिले. नळ सोडायचं त्यांना सुचलंच नाही.

"बघ हां, तुला आवडलं तर," आत्या वालाचं बिरडं वाढत म्हणाली. "माझी जबरदस्ती नाय."

मी म्हटलं, "आवडलं."

आणि राहिले. आत्याने मला जपलं म्हणजे किती! मी वाचायला बसले की टीव्ही मुका व्हायचा. माझी पाठ्यपुस्तकं उघडी असेपर्यंत ती मिक्सर लावायची नाही, खोबरं पाट्यावर वाटायची. संध्याकाळी कोपऱ्यावर रिक्षातून उतरले की वर गॅलरीत ती दिसायची. शेजारणींना सांगायची, "आमची सायन्सला हाय." माझं जेवण झाल्याशिवाय घास घ्यायची नाही. आणि म्हणूनच कॉलेज सुटल्यावर माझा पाय कुठे रेंगाळत नसे. वर्गातल्या मुली तास सुटल्यावर हॉस्टेलवर जायच्या, एकमेकींची जर्नलं उतरवायच्या, भांडायच्या, मॅगी करायच्या. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या ज्याच्यावर हसायच्या, ते मला कळायचं नाही.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. प्रॅक्टिकल लांबलं आणि मैत्रिणींनी मला ओढतच हॉस्टेलवर नेलं. फोन बंद पडलेला मला कळलाही नाही. वरशाला उतरले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि पाऊस कोसळत होता. आत्या रिक्षा स्टँडवर उभी होती. एक छत्री डोक्यावर, दुसरी मिटलेली, माझ्यासाठी.

ती रागावली नाही. छत्री उघडून हातात दिली आणि आम्ही चालायला लागलो. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "लांबून बघितलं तुला, रिक्षातनं उतरताना. हसत होतीस. माझ्याजवळ आलीस आणि तोंड बारीक केलंस."

"तसं नाय गो आत्या."

"तसंच हाय. तिथं बरं वाटतं ना तुला?"

मी छत्री जरा खाली ओढून घेतली. घरी आल्यावर माझे केस पुसून देताना ती म्हणाली, "मी बापाच्या घरातनं उठले ती सासूच्या घरात बसले. आपल्या वयाच्या पोरींत राहायचं कसं असतं, मला ठाऊक नाय. तुला ठाऊक होऊ दे."

तिने माझ्यासमोरच बाबांना फोन लावला. बाबा तिकडून काय म्हणत होते ते ऐकू येत नव्हतं, पण ती त्यांना म्हणाली ते अजून लक्षात आहे. "अरे, माझ्याकडे घर हाय, जेवण हाय. मैत्रिणी मी कुठनं आणू?"

दिवाळीनंतर हॉस्टेलमध्ये एक खाट रिकामी झाली. खिडकीची नव्हे, दाराजवळची. सामान घेऊन आत्याच आली रिक्षातून. गादी घातली, कपाट पुसलं, खोलीतल्या तिघींना रव्याचे लाडू दिले आणि मला बजावलं, "रविवारी यायचं. नाय आलीस तरी चालेल, पण यायचं." त्यावर तिघी इतक्या हसल्या की आत्याही पदर तोंडाला लावून हसली. जिना उतरताना मात्र तिने मागे बघितलं नाही.

पहिला रविवार मैत्रिणींबरोबर कुंडलिकेच्या काठावर गेला. दुसऱ्या रविवारी वरशाला गेले तर दार एका अनोळखी मुलीने उघडलं. आत माझ्या टेबलावर नर्सिंगची पुस्तकं पसरलेली. ती मुलगी आत्याला मावशी म्हणत होती, आणि मसाल्याचा डबा कुठे असतो हे तिला माहीत होतं. मी कॉटच्या कडेला पाहुण्यासारखी बसून राहिले. शेवटी स्वयंपाकघरात गेले आणि आत्याला हळूच म्हटलं, "दोन आठवडे पण नाय थांबलीस?"

"टेबल रिकामं बघवेना गो." तिने भाकरी थापणारा हात थांबवला. "राग आला?"

"व्हय."

आत्याचं तोंड असं उजळलं की मी बघतच राहिले. एवढ्या महिन्यांत तिने माझ्यासाठी केलेल्या कशानेही तिला असा आनंद झालेला मी पाहिला नव्हता. पिठाच्या हातानेच तिने माझा गाल धरला. "आला ना राग? बरं झालं. परक्या घरचा राग येत नाय कुणाला."

जेवताना त्या मुलीने मला विचारलं, "केमिस्ट्री तुम्हाला सोपी जाते का हो ताई? मला मुळीच जमत नाही." तिसऱ्या रविवारी मी तिला शिकवायला बसले.

बीएस्सी झाली. तोवर आणि त्यानंतरही आत्याकडे कुणी ना कुणी मुलगी असायचीच. एक जायची ती जाताना ओळखीतल्या दुसरीला पाठवून जायची. मला नागोठण्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. गेल्या वर्षी ट्रेनिंगसाठी महिनाभर रोह्यात राहायचं होतं, म्हणून आत्याला फोन केला.

"दोघी हायत आतल्या खोलीत," ती म्हणाली. "हॉलमध्ये झोपशील?"

मी बॅग घेऊन पोचले तेव्हा त्या दोघी चहा पीत बसल्या होत्या. मला बघून अवघडून उठल्या. कोण आलं त्यांना कळेना.

"बसा गो," आत्या म्हणाली. "ही माझी पहिली." आणि चौथा कप विसळायला आत गेली.