वरचीच्या खिडकीतला झगा

वरून शिलाई मशीनचा आवाज आला की मावशींच्या पोटात दुखायला लागे. मावशी शिवणकाम करायच्या आणि वरचीही शिवणकामच करायची. दुखणं तेच होतं. ही वरची पूर्वी मावशींच्याच हाताखाली काज-बटणं करायची. तिथेच कात्री धरायला शिकली आणि चार पैसे जमताच वरच्या मजल्यावर स्वतःचं दुकान थाटून बसली. गिऱ्हाईकं मावशींच्या दारावरून जिना चढून वर जायची. जळफळाट होणार नाही तर काय होणार?

"माझे नमुने चोरते मेली," असं मावशींनी ठरवूनच टाकलं. जिन्याकडची खिडकी त्यांनी कायमची लावून घेतली आणि तिच्यावर जाड पडदा सोडला. कपड्यांचं कपाटही भिंतीला घट्ट चिकटवून ठेवलं.

मग भिंतीला बुरशी धरली. आधी कोपऱ्यात काळे ठिपके आले, मग पोपडे सुटले, आणि खोलीत कुबट वास भरला. मावशींनी भिंत फिनेलने पुसली, वरून रंगाचा हात मारला. थोड्याच दिवसांत ठिपके रंगातून पुन्हा वर आले. एवढी ओल येते कुठून? वरूनच! दुसरं कोण आहे वाईटावर? मावशी तरातरा जिना चढल्या.

"माझं घर कुजवायला निघालीस का गं?"

वरचीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती म्हणाली, "ताई, माझ्याकडे तर ओल नाही. पण शंका नको, प्लंबरला बोलावते."

प्लंबर आला. वरचीने आपल्या न्हाणीघराच्या फरशा उखडायला लावल्या. खाली खडखडीत कोरडं! मग तो मावशींकडे आला, वरचीही मागोमाग आली. त्याने कपाट ओढलं, भिंत फोडली, तर मावशींच्याच नळाचा पाइप आत गळत होता.

"गळती थांबली," सांधा बदलून तो म्हणाला. "आता वारा लागू द्या. ही खिडकी उघडत नाही का कधी?"

पण मावशींचं लक्ष कपाटाकडे होतं. मागची फळी ओलीने फुगली होती, आणि आत टांगलेल्या लग्नाच्या झग्याच्या अस्तरावर काळे डाग पडले होते. नवरी उद्या सकाळी झगा न्यायला येणार होती. हे काम वरचीला सोडून आपल्याकडे आलं, म्हणून मावशींनी गल्लीभर मिरवलं होतं. आता हाच झगा बिघडला, तर उरलीसुरली गिऱ्हाईकंही गेलीच म्हणायची. मावशींनी घाईघाईने तो बाहेर काढला.

वरचीने झगा उलटसुलट करून पाहिला. "वरचं कापड वाचलंय, ताई. अस्तर उसवू या. माझ्याकडे कापड आहे आणि वाराही आहे."

नाक मुठीत धरून मावशी तिच्यामागे वर गेल्या. दोघींनी मिळून नवं अस्तर लावलं आणि वास जायला झगा उघड्या खिडकीत टांगला. वरचीचे सगळे नमुने टेबलावर उघडेच पडले होते. मावशींनी हळूच नजर फिरवली. त्यांचा एकही नमुना त्यात नव्हता. चोरले असते तर बरं वाटलं असतं. हे जास्तच झोंबलं.

सकाळी नवरीने रस्त्यावरूनच खिडकीतला झगा पाहिला आणि ती थेट वर आली. गळ्यावरून बोटं फिरवत वरचीला म्हणाली, "म्हणजे शेवटी तुम्हीच शिवलात होय? किती सुंदर!"

तिच्या मागोमाग धावत वर आलेल्या मावशींचा जीव टांगणीला लागला.

"मी? छे! मी फक्त अस्तराला हात लावला," वरची म्हणाली. "काम ताईंचं. असा गळा मला अजूनही जमत नाही."

नवरी मावशींचे हात हातात घेऊन आभार मानत राहिली. मावशी हसल्या, पण खाली येईपर्यंत नुसत्या धुमसत होत्या. कामात ती पुढे, आता मनाच्या मोठेपणातही पुढेच! माणसाने जळावं तरी किती?

भिंत सुकायला हवी होती, म्हणून त्यांनी खिडकी उघडली. तेवढ्यात जिन्यावरून एका बाईने आत डोकावलं. "मावशी, वरच्या बाई आहेत का हो?"

"आहेत की. जा." मावशींनी सुईत दोरा ओवला. "पण गळ्याचं काम असेल, तर इथेच थांब. तिला गळा जमत नाही. तीच म्हणते!"