गच्चीवरचे वाळलेले कांदे

आमचे हे आयुष्यभर कारखान्यात स्टोअरकीपर. जुना बल्ब हातात पडल्याशिवाय नवा द्यायचे नाहीत, मग समोर मॅनेजर का असेना. घरातही तोच खाक्या. साबणाची वडी कागदासारखी पातळ झाली तरी कपाटातून नवी निघायची नाही. कारखाना बंद पडला तेव्हा लोक रडले. ह्यांनी किल्ल्यांचा जुडगा जमा केला आणि घरी येऊन फर्मान काढलं, "आजपासून भाजी विकत आणायची नाही. गच्चीवर पिकवायची!"

मी म्हटलं, बरं बाई, माणूस कशात तरी गुंतलेला बरा. रंगाचे रिकामे डबे, फुटकी बादली, मिळेल त्यात ह्यांनी माती भरली. प्रत्येक डब्याला स्टोअरमधल्यासारखी पत्र्याची चकती, चकतीवर नंबर. रोपं मात्र नंबराला जुमानेनात. टोमॅटोची पानं आकसली, वांग्याला कीड लागली. कारल्याचा वेल तेवढा ऐटीत चढला, पण कारलं म्हणाल तर औषधालाही नाही.

आणि तरी रोज पिशवी भरून भाजी खाली यायला लागली!

उजाडलं की हे झारी घेऊन वर जायचे, ते चांगलं ऊन चढल्यावर घामाघूम होऊन घरात यायचे. "घे, आपल्या बागेतली." वांगी बघितली तर सगळी एका मापाची. मी भरली वांगी केली. मग एकदा कांदे आले. कडकडीत वाळलेले, हात लावला की साल उडतंय.

"अहो, हे आज उपटलेत ना?"

"मग काय!"

"आणि आजच वाळले?"

"वर ऊन किती आहे!" असं म्हणून हे आंघोळीला पळाले.

ह्या माणसाने जन्मात कधी भाजी आणलेली नाही. जमिनीतून निघालेला कांदा कसा दिसतो तेच ठाऊक नाही, त्यामुळे खोटंही धड बोलता येईना.

धाकट्या बहिणीला सांगितलं, घरातला एक पैसाही हललेला नाही तेही सांगितलं, तर ती आगीत तेल ओतायला टपलेलीच. "ताई, डोळे उघड. पैसे खर्च होत नाहीत, मग भाजी देतंय कोण? नक्की कुणीतरी आहे!"

"चल, काहीतरीच तुझं," म्हणून मी तिला उडवून लावलं खरं, पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. ह्या वयात? हे भांग पाडताना गुणगुणले तरी मी कान टवकारायची. धुवायच्या शर्टाचा वास घ्यायची. कोथिंबिरीचा यायचा. म्हणजे टवळी भाजीवालीच असणार! एवढा संसार ह्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवून केला. तो विश्वासच गेला तर माझ्यापाशी राहतं काय?

शेवटी एका सकाळी हे वर गेले, तशी मी दाराआड उभी राहिले. थोड्या वेळाने जिन्यावरून दबकी पावलं उतरली आणि थेट फाटकाबाहेर गेली. मी पायात चपला सरकवल्या आणि मागे निघाले. हे भाजीबाजारात शिरले. आता दिसेल मेली, आता दिसेल.

दिसला तो मिशीवाला दुकानदार, आमच्या मुलाच्या वयाचा. त्याच्या दुकानात हे उपड्या खोक्यावर बसले होते, सडके कांदे बाजूला काढत आणि चांगल्यांचे मापाप्रमाणे ढीग लावत.

"काका, हात चालवा जरा!" तो खेकसला. "आणि मजुरीची भाजी पिशवीत भरून ठेवलीय, जाताना न्या."

हे हसले. ज्यांच्या खिडकीपुढे अख्खा कारखाना रांगेत उभा राहायचा, ते हे असं ओशाळं हसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मिशीवाल्याचा राग आला, बहिणीचा आला, ह्यांचा आला आणि सगळ्यांत जास्त माझाच आला. तरातरा जाऊन मी दुकानापुढे उभी राहिले. ह्यांनी मान वर केली. हातातला कांदा हातातच राहिला.

"बोला मावशी, काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

ओठांवर आलेल्या शिव्या मी गिळल्या.

"काही नको रे बाबा," मी म्हटलं. "आमच्या ह्यांनी गच्चीवर बाग केलीय. सगळं घरचंच खातो आम्ही."

ह्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा कांदे निवडायला घेतले.