काठावरच्या दोन खाचा

चर्चमधले बाप्तिस्म्याचे दगडी पात्र खरोखर मध्ययुगीन आहे का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर शोधायला मी निघालो होतो. ते मला सापडले — आणि आजवर मी ते कोणालाही सांगितलेले नाही. घरीसुद्धा नाही.

या शतकाची पहिलीच वर्षे. मी लंडनमधल्या ईलिंगच्या एका शाळेत इतिहास शिकवत असे आणि रविवारी खेड्यांतली चर्चे पाहत हिंडे. अशाच एका चर्चमध्ये माझे व्याख्यान झाले. आतले नक्षीदार पात्र नॉर्मन काळातले, म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे, असे मी ठासून सांगितले. टाळ्या पडल्या. इंग्रज गावाला त्याचाच दगड समजावून सांगणारा मराठी मास्तर — सुखावलो नसतो का?

इथे एक खूण सांगायला हवी. पवित्र पाणी जादूटोण्यासाठी चोरीला जाऊ नये म्हणून त्या काळी पात्राला झाकण घालून कुलूप लावत; त्यासाठी काठात लोखंडी कड्या शिसे ओतून बसवत. पुढे कड्या उपटल्या गेल्या, की काठावर समोरासमोर खाचा राहत. त्या नसल्या तर लगेच निकाल देऊ नये. असल्या तर मात्र थांबावे.

व्याख्यानानंतर चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या मार्गारेटबाईंनी मला बाहेर नेले. दाराशी जिरेनियम लावलेली एक ओबडधोबड गोल कुंडी होती. व्हीलचेअरसाठी उतार बांधायचा होता, ती आड येत होती. “काही मोलाची आहे का हो? की नुसतीच माझ्यासारखी म्हातारी?”

मी काठावरून बोट फिरवले. एक खाच. बरोबर समोर दुसरी — तळाशी शिसे अजून तसेच. आणि चर्चमधल्या नक्षीदार पात्राचा काठ? गुळगुळीत, अखंड, मी तो आधीच पाहिला होता. मग व्याख्यानाचे काय?

गाडीतून बायको ओरडली, “अहो, चला ना! कुंडीच आहे ना ती?”

“गुरांचं पाण्याचं भांडं असावं,” मी मार्गारेटबाईंना म्हणालो.

“बरं झालं बाई, तुम्ही होतात! नाहीतर उगाच जपत बसलो असतो.”

पुढच्या खेपेला उतार तयार होता. कुंडीचे तुकडे त्याच्याच भरावात गेले, असे त्यांनी कौतुकाने सांगितले. मी मान डोलावली — तेव्हाही! एक वाक्य. ‘माझे चुकले’ एवढेच म्हणायचे होते. वर्गात मुलांकडून रोज वदवून घेत होतो की.

तेव्हा कोणी जाणकार एखाद्या दगडाचे वय न अडखळता सांगू लागला, तर त्याचे ऐकून घ्या. आणि मग काठावरून स्वतः बोट फिरवून पाहा.