इटालियनच्या खणातलं फडकं

आमच्या अमरावतीच्या घरी एक इटालियन राहते. आजोबांच्या काळात आली. दुधी रंग, गोल दिवे, गिअर स्टिअरिंगला. तयार झाली आपल्याच देशात, पण घराणं तिकडचं, म्हणून तिला आमच्याकडे कोणी गाडी म्हणत नाही. "इटालियन पुसली का बे?" असं बाबा सकाळी विचारतात, जशी काही घरात पाहुणीच उतरली आहे.

तिच्या भावकीतल्या मोटारी तिकडच्या डोंगरांत रॅल्या जिंकायच्या, असं मी कुठंतरी वाचलं आणि तिथून बिघडलो. माझं वय सत्तेचाळीस, पोट सुटलेलं, पण इटालियनमध्ये बसलो की दूध आणायलासुद्धा मी शर्यतीत असल्यासारखा जायचो. अर्थात बाबा बाजूला असतील तरच. एकट्याच्या हाती किल्ली त्यांनी कधी दिली नाही.

यंदा एप्रिलमध्ये जुन्या मोटारींचा एक शौकीन नागपूरहून येऊन तिला मागून गेला. बाबांचा गुडघा आता क्लच दाबू देत नाही. दोन दिवस ते नुसते तिच्यात जाऊन बसायचे. मग मला म्हणाले, "नातीच्या साक्षगंधाले अकोल्याले जाचं हाय नं? तू ने इटालियन. मी मांगं बसतो, हात नाही लावत. धड पोचवली तं तुयी. नाही तं रविवारी तो मानूस घेऊन जाते."

भाचीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी तिला घासूनपुसून नवरी केली. डॅशबोर्डाच्या खणात जुन्या पावत्या, एक गंजका पाना आणि तेलानं काळंकुट्ट झालेलं एक फडकं निघालं. फडक्याला एक बटण होतं. फडक्याला बटण कशाला, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मी ते चिमटीत धरून घंटागाडीत टाकलं.

"मामाजीले इचारा तरी एकडाव," सासऱ्यांची आठवण देत बायको म्हणाली.

"रॅलीच्या गाडीत फालतू वजन ठेवत नसतात," मी म्हटलं.

निघालो तेव्हा माझ्या अंगात साक्षगंधासाठी शिवलेला नवा कोरा शर्ट होता. बायकोला शेजारी बसवून सांगितलं, "तिकडे रॅलीत बाजूला बसणारा पुढची वळणं वाचून दाखवतो. तू वाच."

तिनं बडनेरा गेल्यावर रस्त्याकडे नीट पाहिलं. "समोर सरळ. मंग सरळ. मंग मूर्तिजापूरपर्यंत सरळच हाय. आनखीन वाचू का?"

मागून बाबा खोकल्यासारखे हसले. मला चेव आला. एक एसटी मागे टाकली, दोन ट्रक मागे टाकले, एका ट्रॅक्टरवाल्याला हात दाखवला. मूर्तिजापूर ओलांडलं आणि भर दुपारी इटालियननं तीन उचक्या दिल्या आणि बाभळीखाली गप्प उभी राहिली. ट्रॅक्टरवाला हात दाखवून पुढे गेला.

बाबा जागचे हलले नाहीत. "एअर घेतला. पेट्रोलची वाफ झाली पायपात. बॉनेट उघड, पंपावर ओलं फडकं टाक, धा मिनिटं थांब. खणात हाय."

मी खण उघडला. खण आरशासारखा स्वच्छ होता.

"बाबा, ते... घाण होतं."

"मंग?"

"घंटागाडीत गेलं."

बायको काचेतून बाहेर पाहत होती. "समोर सरळ," ती हळूच म्हणाली.

तिचा रुमाल ओला करून टाकला, तो पापडासारखा वाळला. तिची पैठणी मागायची माझी हिंमत नव्हती. बाबा म्हणाले, "आंगात शर्ट काहाले घातला मंग?"

घातला होता तो काढला. प्यायच्या पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळला. दहा मिनिटांनी इटालियन गुरगुरली. बोरगाव मंजूला पुन्हा भिजवला. मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरातल्या बहिणीच्या गल्लीत शिरलो तेव्हा माझ्या अंगात एक बनियन होतं, आणि त्यात खिडक्या होत्या. नवरदेवाकडचे एक काका दारात उभे होते. ते म्हणाले, "ड्रायव्हरभाऊ, गाडी तिकडं लावा. पावने येऊन राह्यले."

मी लावली. बहीण धावत आली. "दादा, कपडे कुठी हायेत तुये?"

साक्षगंधाच्या फोटोंत मी भाऊजींच्या तंबूएवढ्या कुडत्यात आहे.

परत निघायची वेळ झाली. 'धड पोचवली' असं कोणत्या तोंडानं म्हणणार? बॉनेटखालचा शर्ट काढला. तो काळाठिक्कर पडला होता. फेकायला निघालो तर मागच्या सीटवरून आवाज आला.

"फेकू नको. खणात ठेव."

"बाबा, बटणं आहेत याला."

"त्यालेबी होतं."

घंटागाडीत टाकलेल्या फडक्याचं बटण मला आत्ता आठवलं.

"तुया मायले पाह्यले आलतो अकोल्याले. हेच इटालियन. असंच ऊन."

"म्हणजे तुम्हीसुद्धा बनियनवर?"

"हो. पन मायं बनियन नवं होतं."

शर्टाची घडी करून मी खणात ठेवली. मागे बाबांनी चष्मा लावला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि नागपूरला फोन लावला.

"भाऊ, इटालियन नाही देत. पोरानं तिच्यासाठी आंगातला शर्ट काढून देल्ला." मग जरा थांबून म्हणाले, "बनियन फाटकं हाय त्याचं. पन चालून जाईन."