दोन्ही खरं, मग तिसरं काय?

जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा वर्गात पोरांपेक्षा बाकं जास्त होती. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मग मी मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेची शिकवणी सुरू केली. आता बाजारात एवढंच तर्कशास्त्र चालतं, असं पुतण्याने सांगितलं आणि बर्डीच्या फुटपाथवरून एक जुनं अमेरिकन गाईड आणून दिलं. त्यातल्या एका प्रकाराने माझंच डोकं फिरलं. एकमेकींच्या जिवावर उठलेल्या दोन गोष्टी द्यायच्या आणि वर म्हणायचं, दोन्ही खऱ्या आहेत; आता पाच पर्यायांतून अशी तिसरी गोष्ट निवडा की या दोघी एका घरात नांदतील. दोन विधानं एकमेकांना खोडत असली तर त्यांतलं एक खोटं असणारच, हे मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं. म्हातारपणी हे उलटं काय शिकवायचं? फार चिडचिड व्हायची.

जयवंता बारापात्रे माझ्याकडे आली ती १९८६च्या ऑगस्टमध्ये. तांडापेठेतल्या कोष्ट्याची पोर. बी.कॉम. पहिल्या वर्गात पास झालेली, हडकुळी, बोलायला कमी आणि पटलं नाही तर मान तिरपी करून बघत राहणारी. तिला घेऊन तिचे वडील धोंडबा आले होते. हातमागाच्या खड्ड्यात बसून बसून पाठ वाकलेला माणूस. मी खुर्ची दिली तरी ते पायरीवरच बसले आणि म्हणाले, पोरीला पुढं जाऊ द्यायचं आहे, तिचं डोकं आमच्या घरातलं नाही. पुढे कळलं की गल्लीतल्या चहाच्या टपरीवर त्यांनी तिला आधीच साहेब करून टाकलं होतं.

गणितात जयवंता सरस होती. गाडी अडायची ती त्या एका प्रकारावर. गाईडातले परदेशी प्रश्न डोक्यावरून जातात म्हणून मी नागपुरी प्रश्न तयार करायचो. एका शहरात यंदा कूलर दुपटीने विकले गेले, तरी उष्माघाताचे रोगी वाढले, असं का? उत्तर सरळ होतं, यंदाचा उन्हाळाच जास्त कडक होता. म्हणून कूलरही खपले आणि माणसंही आजारी पडली. जयवंता मात्र हमखास हा पर्याय निवडायची, की दवाखान्याचे आकडे चुकले असावेत. दुसऱ्या प्रश्नात दुकानदार खोटं बोलला. तिसऱ्यात मोजणाऱ्याने घोळ केला. प्रत्येक वेळी कोणाला तरी गुन्हेगार ठरवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

मी एकदा वैतागून विचारलं, तेव्हा तिने कारण सांगितलं. त्यांच्या घरी कापडात खोट दिसली की माग थांबतो. ताण्यातला एक धागा कुठेतरी तुटलेला असतो, तो शोधायचा, गाठ मारायची, मग पुढे विणायचं. लहानपणापासून तिचे डोळे तुटलेला धागा शोधण्यातच तयार झाले होते. मी म्हटलं, बाई, या प्रश्नांत काहीच तुटलेलं नसतं, फक्त एक धागा आपल्याला दिसलेला नसतो. तिने मान तिरपी केली. खरं सांगायचं तर मलाही ते अर्धवटच पटलं होतं.

दिवाळीनंतर ती उशिरा येऊ लागली. डोळे लाल, वाचन झालेलं नाही. विचारलं तर म्हणाली, बाबांनी कांड्या भरायला दिल्या. मागाच्या धोट्यात बसते ती सुताची छोटी नळी म्हणजे कांडी. कोष्ट्यांच्या घरी ती रहाटावर भरायचं काम बायका-पोरींचं. त्यात नवल नव्हतं. नवल हे, की परीक्षा जवळ येत होती तसं हे काम वाढत होतं. जयवंता पुस्तक उघडून बसली की धोंडबा सुताची लडी तिच्यापुढे टाकायचे. आणि हेच धोंडबा संध्याकाळी टपरीवर सांगायचे, माझी पोरगी मोठी परीक्षा देणार, पासच होणार.

एका दुपारी तिने प्रश्न माझ्याच टेबलावर मांडला. "सर, बाबाले मी शिकावं वाटते, हे खरं. बाबा मले वाचू देत नाही, हेही खरं. मंग तिसरं काय?"

मी पर्याय सुचवले. मागावरचं काम वाढलं असेल. नाही म्हणाली, विणकर सोसायटीकडून येणारं काम उलट मंदावलंय. आईची तब्येत? ठणठणीत. भावकी काही बोलली असेल? भावकीला ते जुमानत नाहीत. माझे पर्याय संपले. जिच्याकडून फी घ्यायची तिच्यासमोर असं हरणं मला अजिबात आवडलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती आली ती पुस्तक न घेताच. तिसरी गोष्ट सापडली, म्हणाली. सूत हल्ली फार तुटायचं, नव्या सुतासारखं हाताला लागायचं नाही, म्हणून तिला संशय होताच. आदल्या दिवशी मला ताप होता म्हणून शिकवणी नव्हती, ती लवकर घरी परतली. अंगणात धोंडबा बसले होते आणि तिने भरलेल्या डाळिंबी सुताच्या कांड्या एकेक करून उलगडून त्याची पुन्हा लडी करत होते. तेच सूत. ती दारातूनच मागे फिरली. संध्याकाळी त्यांनी तीच लडी तिच्यापुढे टाकली, आणि तिने ती पुन्हा भरली.

"त्याइले मी नापासच व्हायला पायजे," ती म्हणाली. "टपरीवरचं बोलणं लोकाइले दाखवायसाठी. मी नाही बसत परीक्षेले."

उमरेडचं एक स्थळ मामाने आणलं होतं. रविवारी ती हो म्हणणार होती. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. तिने पुन्हा तेच केलं होतं, दोन खऱ्या गोष्टींतली एक खोटी ठरवून गाठ मारली होती. पण चुकलीस म्हणावं तर बरोबर काय, ते मला तरी कुठे ठाऊक होतं? तेच सूत उलगडून पुन्हा देणाऱ्या बापाबद्दल तर्कशास्त्र काय सांगणार? मी तिच्यापुढे एक सराव पेपर ठेवला, शेवटचा म्हणून सोडव म्हटलं, आणि सायकल काढून तांडापेठेत गेलो.

धोंडबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. मागावर हिरवं लुगडं चढलेलं, आणि शेजारच्या टोपलीत डाळिंबी कांड्या. जयवंताची आई गोपिकाबाई पाणी घेऊन आल्या. मी सायकलची चावीही खिशात न टाकता सरळ विचारलं, हे डाळिंबी सूत कोणत्या लुगड्याचं?

गोपिकाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. धोंडबांनी धोटा थांबवला.

"कोणत्याच नाही," ते म्हणाले. "ती जाणारच आहे, सर. पास होते म्हणून तुम्हीच सांगता. पुस्तक घेतलं की माडीवर जाते, मंग खाली मी अन् मागाचा आवाज. कांड्या भरते तोवर जवळ बसते, दोन शब्द बोलते."

मी म्हटलं, मग नुसतं सांगायचं, बस जवळ म्हणून. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच काहीतरी विचित्र बोललो.

"मागापाशी रिकामं कोणी बसते का, सर? पोरीले असं कसं म्हणावं?"

तिला काय वाटलं ते मी सांगितलं तेव्हा त्यांना आधी समजेचना. "मी सारी गल्ली गाजवून राहिलो, अन् मलेच ती नापास व्हायला पायजे?" असं ते गोपिकाबाईंना दोनदा विचारत राहिले. पोर पास होणार याची त्यांना जितकी खात्री वाटत होती, तितकं त्यांनी तिला काम दिलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि गाईडाच्या पाच पर्यायांत हा पर्याय कधीच आला नसता.

घरी आलो. जयवंता पेपर अर्धा टाकून बसली होती. मी जे ऐकलं ते तसंच सांगितलं. ती टेबलावर डोकं ठेवून रडली, आणि बराच वेळ रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, आता मी शिकायला जाऊ की नको जाऊ? मी म्हटलं, गाईडात फक्त का ते विचारतात, पुढे काय करायचं ते विचारत नाहीत. हे उत्तर मला आजही फारसं आवडत नाही.

उमरेडला नकार गेला. डाळिंबी सूत तिने बापाकडून स्वतः मागून घेतलं. रहाटाशेजारी गाईड उघडं ठेवून ती कांड्या भरायची आणि प्रश्न मोठ्याने वाचायची. धोंडबा माग थांबवून उत्तर द्यायचे. उत्तर नेहमी एकच, कोणीतरी खोटं बोलून राहिलं. ते चूक का, हे त्यांना समजावता समजावता तिची त्या प्रकाराची भीती गेली. परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि जूनमध्ये ती गुजरातेतल्या एका संस्थेत गेली.

त्या दिवाळीला ती सुट्टीवर आली. दुसऱ्याच दिवशी दुपारी बघतो तर धोंडबा माझ्या पायरीवर. मला वाटलं निरोप घेऊन आले असतील. निरोप नव्हता. ते आपले रस्त्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा आले. ते गेल्यावर जयवंता मला भेटायला आली, तेव्हा तीही गोंधळलेली होती. सर, बाबा टपरीवर सांगतात पोरगी आली, आणि मी आल्यापासून घरात थांबतच नाहीत, असं का? विचारून बघतो, मी म्हटलं.

चौथ्या दिवशी मी त्यांना विचारलंच. ज्या पोरीला जवळ बसवायला तुम्ही तेच सूत पुन्हा पुन्हा उलगडलंत, ती घरी बसलीय आणि तुम्ही इथे काय करता?

"तिच्याजवळ बसलो की मंग तिले जा म्हणता येत नाही, सर," ते म्हणाले.

तिची गाडी गुरुवारी संध्याकाळी आहे, तोवर तरी घरी जा, मी म्हटलं. ते हो म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.