मनिषा ठोंबरेची तयार पानं

कळसच्या मनिषा ठोंबरेची पहिली-दुसरी कुठल्या एका शाळेत झाली नाही. आईवडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघायचे. वाटेत जिथे वाडा पडेल, म्हणजे घोड्यांवरचं ओझं उतरून मुक्काम मांडला जाईल, तिथल्या शाळेत एखादे गुरुजी तिला मागच्या ओळीत बसू द्यायचे. पुढे वडिलांनी मेंढरं धाकट्या भावाच्या, दादासोच्या हवाली केली, कॅनॉलच्या पाण्यावर ऊस लावला आणि लेकीला गावातल्या शाळेत बसवलं. तिथून ती बारामतीला कॉलेजात गेली, संगणकाची पदवी घेतली आणि भिगवण रोडला रणजितच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक हॉल आणि सहा-सात माणसं.

मनिषा बोलायची कमी. पण काम अडलं की स्क्रीनशीच पुटपुटायची, आणि तेही कळसच्या बोलीत. "आता काय झालं तुला," असं ऐकू आलं की बाकीचे समजायचे, हिला कुठलीतरी चूक सापडत आलीय.

रणजित भवानीनगरचा, बागायतदाराच्या घरातला. पुण्याच्या मोठ्या कंपनीत काही वर्षं काढून तो परत आला होता. माणूस दिलदार, पण नव्या गोष्टीची भारी हौस. कळस भागातल्या मेंढपाळांच्या संस्थेने त्याच्याकडे एक वेबसाइट मागितली तेव्हा त्याने अगदी ताज्या पद्धतीची करून दिली. लसीकरणाची शिबिरं कुठे आहेत, औषध कुठे मिळेल, हे सगळं त्यात होतं. बटण दाबलं की नकाशा सरकत यायचा, त्यावर छोटी मेंढरं उमटायची. ऑफिसात सगळ्यांनी कौतुक केलं. मनिषानेही केलं, कारण खरंच देखणी झाली होती.

मग एकदा घरी जाताना तिने सहज चुलत्याला फोन लावला. दादासोतात्या तेव्हा भोरच्या पुढे डोंगरात होते. वेबसाइट कशी वाटली, असं तिने विचारलं.

"गोल गोल फिरतंय आन मग पांढरं हुतंय," तात्या म्हणाले. "निस्तं पांढरं. आमाला वाटलं अजून तुमचं काम चालू हाय."

मनिषाने आणखी दोन वाड्यांवर फोन केले. सगळीकडे पांढरंच. कारण तिच्या लगेच ध्यानात आलं. त्या वेबसाइटचं पान सर्व्हरवरून तयार येतच नव्हतं. सर्व्हर नुसता सुटा माल पाठवायचा, आणि जोडणी करायची फोनने. ऑफिसातल्या फोनला ते जमायचं. डोंगरात एका काडीच्या रेंजवर, तात्यांच्या जुन्या फोनला तो माल पुरता उतरवूनसुद्धा घेता यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तिने रणजितला सांगितलं, की पान सर्व्हरवरच जुळवून तयार पाठवू या. सर्व्हरवरचा प्रोग्राम जावा या संगणकभाषेतलाच आहे, टेम्पलेट बसवता येतील. टेम्पलेट म्हणजे पानाचा साचा. मजकुराच्या जागा मोकळ्या ठेवायच्या, मागणी आली की सर्व्हरने त्या भरायच्या आणि पुरं पान फोनला द्यायचं. फोनने फक्त दाखवायचं.

रणजितला ते रुचलं नाही. ही जुनी पद्धत झाली, मागे जाण्यात काय अर्थ, असं त्याचं म्हणणं. मेहनतीने केलेला नकाशा टाकून द्यायचा या विचारानेच त्याचा चेहरा उतरला होता. मनिषाने वाद घातला नाही. तिने तात्यांना फोन लावून स्पीकर चालू केला आणि त्यांनाच सांगायला लावलं. तात्यांनी जे दिसतं ते सांगितलं. फोन ठेवल्यावर रणजित म्हणाला, "शिबिरांचं एक पान करून दाखव. ते चाललं तर पुढचं बघू."

मनिषाने कामाला हात घातला. जावाच्या त्या प्रकल्पात तिने थायमलीफ जोडलं. साचे भरून द्यायचं काम तेच करतं. मग टेम्पलेटचा फोल्डर केला, त्यात पहिला साचा लिहिला आणि सर्व्हर चालू केला. पान उघडलं तर पांढऱ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात इंग्रजीत एकच शब्द. तिने साच्याला दिलेलं नाव. साचा भरून देण्याऐवजी सर्व्हरने त्याचं नावच पाठवून दिलं होतं.

"नाव न्हाय मागितलं, पान मागितलं," ती पुटपुटली.

शेजारची संस्कृती हसायला लागली. ती पानांची रंगसंगती बघायची आणि मनिषाची तिच्याशी चांगली गट्टी होती. दोघींनी मिळून शोधलं. मागणी घेणाऱ्या जावाच्या क्लासवर, म्हणजे कोडच्या तुकड्यावर, जी खूण होती, तिचा अर्थच असा की जे हाती येईल ते जसंच्या तसं बाहेर पाठव. जुन्या वेबसाइटसाठी ती बरोबर होती. साच्यासाठी साध्या कंट्रोलरची, म्हणजे या नावाचा साचा शोधून भर असं सांगणारी खूण हवी होती. एक शब्द बदलला आणि पान आलं. ना नकाशा, ना सरकणारी मेंढरं. गावं, तारखा, वेळा आणि डॉक्टरांची नावं.

पण पान निम्म्यावर तुटत होतं. चार शिबिरं दिसायची आणि खाली काहीच नाही. यात मनिषाची दुपार गेली. शेवटी कळलं की पाचव्या शिबिराचे डॉक्टर अजून ठरलेले नव्हते. मोकळ्या जागेत भरायला नावच नाही म्हटल्यावर साचा तिथंच अडून बसला होता. तिने साच्यात अट घातली, की नाव असेल तर दाखव, नसेल तर "डॉक्टर ठरायचे आहेत" असं लिही. पान तळापर्यंत उतरलं.

रविवारी ती एसटीने सासवड गाठून पुढे वाड्यावर गेली. मेंढरं आता परतीच्या वाटेवर होती आणि तात्यांचा मुक्काम पुरंदरच्या एका माळावर पडला होता. चुलती साखरबाई चुलीपाशी होती. वाडा कधी हलवायचा, कुणाच्या रानात बसवायचा, हे तीच ठरवायची. तात्यांनी फोन वर धरून पान उघडलं. जरा वेळ लागला, पण अक्षरं आली. तात्या एकेक गाव मोठ्याने वाचायला लागले. लहानपणी हिशेबाशिवाय तात्यांना वाचताना मनिषाने कधी पाहिलं नव्हतं.

साखरबाईने पीठ पुसून फोन हातात घेतला. तिला जोडाक्षरं जमायची नाहीत, पण गावांची नावं एसटीच्या पाट्यांवरून ओळखीची होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"मने, गावाचं नाव मोठं कर," ती म्हणाली. "मग तारीख. बाकीचं खाली बारीक असलं तरी चालंल. आमाला आधी गाव दिसाय पायजे, म्हंजी कळंल मेंढरं कुठं वळवायची."

मनिषाने तिथंच मांडीवर लॅपटॉप घेतला. साचा एकच होता, त्यामुळे तो एकदा बदलला की सगळी शिबिरं बदलणार होती. फोनच्या रेंजवर नवा साचा सर्व्हरवर चढवायला वेळ गेला, तोवर साखरबाईने तिला जेवू घातलं. पान पुन्हा उघडलं तेव्हा गावांची नावं ठळक झाली होती. साखरबाईने बोट ठेवून पहिलं नाव वाचलं, "वीर." मग दुसरं.

सोमवारी रणजितने पान स्वतः तपासलं. आपल्या भारी फोनवर नाही, तर शिपायाचा जुना फोन मागून घेऊन, जिन्याखाली रेंज जाते तिथं उभं राहून. वर आला तो म्हणाला, "नकाशा काढून टाकू. उरलेली पानंही अशीच कर." आवाजात रुसवा नव्हता. त्यानंतर तो मनिषाच्या खुर्चीमागे उभा राहून साचे कसे बसवले ते विचारत राहिला. वरची पट्टी आणि खालचे फोन नंबर तिने वेगळ्या तुकड्यात ठेवून सगळ्या पानांना जोडले होते, ते त्याला विशेष आवडलं.

पाऊस तोंडावर आला तसं एक शिबिर ऐनवेळी वीरहून परिंच्याला न्यावं लागलं. संस्थेच्या माणसाने सकाळी वेबसाइटवर गावाचं नाव बदललं. बदल वाड्यांपर्यंत पोचला की नाही, या काळजीने त्या दिवशी मनिषाचं कामात लक्ष नव्हतं. दुपारी तात्यांचा फोन आला. वाड्याने पहाटेच वीरची वाट धरली होती. वाटेत साखरबाईने पान उघडायला लावलं, गाव बदललेलं बघितलं आणि मेंढरं परिंच्याकडे वळवली. लस टोचून झाली होती, मागचे वाडेही तिकडेच आले होते.

"तुझी काकी बोलतीया," म्हणून तात्यांनी फोन पुढे दिला.

साखरबाईने आधी जेवलीस का ते विचारलं. मग म्हणाली, "मने, शिबिरं दिसत्यात तशी वाडं दिसत्याल का? माजी भैन कुठं बसलीया, दिवाळीपास्नं ठावं न्हाय. तिला बी कळंल आमी कुठं हाय ते."

मनिषाने सांगितलं की करता येईल. ज्यांना आपला मुक्काम सांगायचा असेल त्यांनी गावाचं नाव कळवायचं, बाकी ती बघेल. फोन ठेवून ती रणजितकडे गेली आणि काय हवंय ते सांगितलं. हे संस्थेने मागितलेल्या कामात नाही, असं तो म्हणाला, आणि मग त्याने विचारलं, किती लागतील साचे?

"एकच," मनिषा म्हणाली.

ती जागेवर येऊन बसली. टेम्पलेटच्या फोल्डरात तिने नवी फाइल उघडली, वरची पट्टी जोडली आणि खाली मोठ्या अक्षरात मथळा लिहिला, "कुणाचा वाडा कुठं". पुस्तकी "कुठे" की कळसचं "कुठं", यावर ती क्षणभर थांबली. मग "कुठं" तसंच राहू दिलं.