जन्मजात वाटाड्या

युद्धस्मारक समितीचे प्रूइटसाहेब गावात बसवायच्या शिळेचं चित्र घेऊन माझ्या बहिणीकडे आले, तेव्हा मी तिच्या ओसरीवर कुऱ्हाडीला दांडा बसवत होतो. चित्रात एक रेड इंडियन होता. डोक्यावर पिसांचा भला मोठा टोप, कपाळावर आडवा हात, नजर कुठंतरी लांब. खाली लिहिलेलं: 'वेल्डन टीही, जन्मजात वाटाड्या.'

"हा कोण?" मी विचारलं.

"तुमचा भाचा," प्रूइटसाहेब म्हणाले.

आम्ही चेरोकी जमातीचे. असला टोप आमच्या सात पिढ्यांत कुणी घातला नाही. आमचे म्हातारे डोक्याला फडकं गुंडाळायचे. पण टोपाचं सोडा. वेल्डन आणि वाटाड्या! मेलेल्या म्हशीला मणभर दूध, हे मलाही ठाऊक आहे, पण निदान म्हैस तरी ओळखा.

अख्ख्या ओक्लाहोमात वेल्डनइतकं वाट चुकणारं पोर झालं नसेल. ओढ्यावर धाडला की त्याची आई, म्हणजे माझी बहीण ओली, म्हणायची, "वेल्डन पाण्याला गेलाय, आजची चूळ उद्या भरा." बारा वर्षांचा असताना बायकांबरोबर रानातली कांद्याची पात खुडायला गेला आणि गडप झाला. सगळं खोरं हाका मारत फिरलं. शेवटी हा सापडला पलीकडच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये. परक्या माणसांच्या रांगेत बसून भजन म्हणत होता, मांडीवर घेवडा घातलेली मक्याची भाकरी. मला बघून म्हणतो, "मामा, तुम्ही इकडे कसे? वाट चुकलात की काय?"

नेम मात्र असा की बघत राहावं. आमच्याकडे गोट्या म्हणजे पोरखेळ नव्हे. बाप्ये खेळतात, मोठाले दगडी गोळे घेऊन, लांबच लांब मैदानावर. वेल्डन पार तिकडच्या टोकाचा गोळा उडवायचा. फक्त झुडपात गेलेला गोळा आणायला त्याला कुणी पाठवत नसे. गोळाही जायचा आणि गडीही जायचा.

आमच्यात पोर आईच्या कुळाचं, आणि त्याला वळण लावायचं ते मामानं. म्हणून व्हिएतनामला जायचा हुकूम आला तेव्हा मीच त्याला जवळ बसवलं. मी कोरियात लढून आलेला होतो.

"हे बघ, तुला वाट कळत नाही. त्यात शरम कसली? पुढच्याच्या पाठीवर डोळा ठेव. ती हलली की हल, थांबली की थांब."

"आणि पुढचाच चुकला तर, मामा?"

"तर निदान दोघं असाल."

खूप हसला. निघताना माझ्या पाठीला हात लावून म्हणाला, "अशीच एखादी रुंद शोधतो." वर्ष व्हायच्या आत पेटीतून परत आला.

आणि आता हे वाटाड्याचं चित्र. "हे तुम्हाला सांगितलं कुणी?" मी विचारलं, तर प्रूइटसाहेब म्हणाले, "त्याच्याच तुकडीतल्या जोडीदारानं. रविवारी घेऊन येतो, त्याच्याच तोंडून ऐका."

तो आला. डेल नाव, एका पायानं लंगडणारा, गोरा, कोवळा पोरगा. ओलीनं त्याला घेवडा वाढला, तळलेलं डुकराचं मांस वाढलं. खाता खाता तो मोकळा झाला.

"इंडियन म्हणून आम्ही त्याला चीफ म्हणायचो. जंगल असो, अंधार असो, चीफ सगळ्यांच्या पुढे. लेफ्टनंट म्हणायचे, इंडियनच्या रक्तातच वाट असते."

मी विचारलं, "त्याच्यापुढे कोण असायचं?"

"कुणीच नाही. तो पहिला."

म्हणजे माझ्या पोरापुढे पाठच नव्हती.

अंगाची आग झाली. "रक्तात वाट?" मी ओरडलो. "आमच्या पणज्यांना आपली घरंदारं सोडून इथवर यायची वाट रक्तानं दाखवली काय? तुमच्या शिपायांच्या संगिनींनी हाकलत दाखवली!"

"दादा, थांब." ओलीनं माझा दंड धरला. मग ती त्या पोराकडे वळली. "बाळ, त्यानं सांगितलं नाही का, आपल्याला वाट कळत नाही म्हणून?"

डेलनं चमचा खाली ठेवला.

"सांगितलं ना. पहिल्या दिवसापासून सांगायचा. आम्ही पोट धरून हसायचो. आम्हाला वाटायचं, चीफ थट्टा करतोय." त्यानं ताट बाजूला सारलं. "त्या दिवशी दोन वाटा फुटत होत्या, तिथं थांबला. म्हणाला, मला खरंच माहीत नाही. लेफ्टनंट म्हणाले, पुरे झाली चेष्टा, चल. मग तो डावीकडे वळला."

प्रूइटसाहेबांनी तेवढ्यात घसा साफ केला. "तर मग शिळेचं काय ठरवायचं?"

"टोप पुसा," ओली म्हणाली. "वाटाड्या पुसा. त्याच्या नावाखाली लिहा: ह्यानं सांगितलं होतं."

"पण बाई, वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार?"

"नाही कळलं तर विचारतील. इतकी वर्षं कुणी आम्हाला काही विचारलेलं नाही. विचारू देत की."

समितीनं बैठक भरवली आणि नकार कळवला. शिळेचा मान राखायला हवा म्हणे! पोराचा शब्द कुणी राखला नाही, आणि मान राखायचा तो दगडाचा. आम्हीही त्यांचा वाटाड्या नाकारला, म्हणून गावातल्या त्यांच्या शिळेवर वेल्डनचं नाव नाही. आम्हीच ओढ्यातला एक दगड उचलला, आमच्या कबरस्तानात रोवला आणि आमच्या चेरोकी लिपीत ओलीचे शब्द मी छिन्नीनं कोरले.

मे महिन्यात आम्ही कबरींवरचं गवत काढतो, फुलं ठेवतो, तिथंच जेवतो. त्या दिवशी गावातली मंडळी मोटारी थांबवून बघायला उतरतात. वेल्डनच्या दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणतात, "किती सुंदर! प्रार्थना आहे का?"

मी त्यांना नीट सांगतो. हा आमचा वेल्डन. ह्याला घरामागच्या ओढ्याचीसुद्धा वाट कळत नव्हती, म्हणून ह्याला पलटणीच्या पुढे चालवलं. आणि ह्यानं सांगितलं होतं.

ते हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा थट्टा करतोय.